शंखात शिरलेलं पातं

1 ऑगस्ट 1978 रोजी मेलबर्नच्या रॉयल व्हिक्टोरियन आय अँड इअर हॉस्पिटलात सर्जन ग्रॅम क्लार्क यांनी ऐकणं गमावलेल्या रॉड सॉन्डर्स यांच्या कानात अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. आजच्या कॉक्लियर इम्प्लांटचा तो पूर्वज. या घटनेला अर्धं शतक होत आलं असून तिच्यावर कौतुकाचे लेख येतील तेव्हा ‘चमत्कार’ हा शब्द हमखास असेल. त्या शब्दाला माझा विरोध आहे. चमत्कार म्हटला की त्यामागची वर्षं पुसली जातात, आणि यंत्र बसलं की मूल ऐकू लागलं, असं मानणारी धोरणं आखली जातात.

क्लार्क न्यू साउथ वेल्समधल्या कॅम्डनचे. वडील औषधांचं दुकान चालवत आणि त्यांना ऐकू कमी येई. कानाचे सर्जन म्हणून बस्तान बसलेलं असताना क्लार्क पुन्हा विद्यार्थी झाले आणि सिडनीत मांजरांवर प्रयोग करू लागले. यंत्र बनवणारी पुढची कंपनी, यंत्राला 1985 मध्ये अमेरिकेत मिळालेली मान्यता, 2013 चा लास्कर पुरस्कार हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. थांबून पाहायचं ते सत्तरचं दशक. 1970 मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले, तेव्हा जाणकारांचं मत स्पष्ट होतं: श्रवणाच्या नसेत हजारो तंतू असतात, त्यांचं काम मूठभर तारा कशा करणार? शिवाय मधल्या कानातून जंतू आत जातील, ही भीती होतीच. या शंका खोट्या नव्हत्या. चूक होती ती शंकेलाच निकाल मानण्यात. सरकारी पैसा पुरेना, म्हणून दूरचित्रवाणीवरून लोकांकडे मदत मागावी लागली. एका तारेने भागणार नाही, हे मांजरांनी दाखवलं होतं. पण कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, वेटोळ्यात अनेक तारांचा जुडगा खोलवर जाईना. 1977 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर क्लार्क यांनी एका शंखात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेलं पातं वळणं घेत आत गेलं. जुडगा कसा हवा, याचं उत्तर तिथे मिळालं.

तरीही खरं काम शस्त्रक्रियेनंतरचं होतं. सुरुवातीला सॉन्डर्स यांना आवाज ऐकू येत, शब्द कळत नसत. प्रत्येक इलेक्ट्रोडला वीज दिली की वेगवेगळ्या स्वरासारखा भास होतो, हे क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. मग बोलण्यातला स्वर ओळखायला लागणारी नेमकी कंप्रता निवडून ती योग्य जागी पोचवण्याची पद्धत त्यांनी बसवली. त्यानंतरच, ओठ न पाहता काही शब्द सॉन्डर्स यांना ओळखता आले. तेव्हा क्लार्क शेजारच्या खोलीत जाऊन रडले. त्या अश्रूंमागे काही महिन्यांची जुळवाजुळव आणि दहा वर्षांहून अधिक अभ्यास होता.

या यंत्रावर बधिर समाजाचा आक्षेप आहे: बहिरेपण हा दुरुस्त करायचा दोष नाही, खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. दुसरं वाक्य निर्विवाद खरं आहे, आणि म्हणूनच इम्प्लांट झालेल्या मुलालाही ती भाषा मिळायला हवी. यंत्राचा कानाबाहेरचा प्रोसेसर बंद पडला तरी मूल मुकं होता कामा नये. दुसरा आक्षेप पैशाचा: आपल्याकडे कान फुटून, नीट उपचार न मिळाल्याने कितीतरी मुलं ऐकणं गमावतात, तर महागडं यंत्र कशाला? पण एकाचे उपचार दुसऱ्याच्या वाट्यातून तोडूनच द्यावेत असं कुणी ठरवलं? फुटलेल्या कानाला औषध हवंच, आणि आतल्या पेशीच नसलेल्या कानाला ते औषध चालत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या योजनेतून इम्प्लांट होतात, हे मोलाचं आहे. पण जन्मानंतर लगेच ऐकण्याची तपासणी देशात बहुतेक ठिकाणी अजून रुळलेली नाही, आणि मेंदू भाषा शिकतो ती पहिली वर्षं हातची जातात. शस्त्रक्रियेनंतर वाचा-उपचारासाठी वर्षानुवर्षं यावं लागतं. गावाकडच्या आईची रोजंदारी त्यात बुडते. प्रोसेसरची वायर तुटली, बॅटरी संपली, तर नवी कोण देणार? झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा छापला जातो. बोलू लागलेल्या मुलांचा आकडा मागितलाही जात नाही. सॉन्डर्स यांच्या कानात तारा गेल्या तेव्हा क्लार्क यांच्या कामाचा अवघड भाग सुरू झाला. आपण नेमकी तिथेच फाईल बंद करतो.