पद आहे, पात्र उमेदवार नाही

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. लिपी देवनागरी असल्याने मराठी यात्रेकरू तो थांबून, अडखळत का होईना, वाचतो. तेथून जवळच, राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात, त्याच राज्याची मोडी कागदपत्रे आहेत. ती मात्र बहुतेक मराठी माणसांना निःशब्द आहेत.

या दफ्तरासाठी केवळ मोडीची अक्षरओळख पुरत नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तेथे नांदलेली मराठी तमिळच्या शेजारी वाढली. दरबारी जमाखर्च, दाने, छत्रांचा कारभार यांत तमिळ शब्द सर्रास येतात. म्हणजे मोडी, जुनी मराठी आणि तमिळ या तिन्हींत गती असलेला माणूस हवा. तो बाजारात तयार मिळत नाही, कारण बाजाराने त्याला कधी मागितलेच नाही.

मागणी अचानक आली तर काय होते, हे महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाहिले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदींचा शोध घेऊ लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची विचारणा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास जी लिपी शाळेतून गेली, तिच्यावर आता कुटुंबांचे हक्क अवलंबून होते. समिती एका आदेशाने नेमता येते. वाचक तसा नेमता येत नाही. काही दिवसांच्या वर्गात मुळाक्षरे येतात. संक्षेप, फारसी संज्ञा, फसली सन आणि लेखकागणिक बदलणारे वळण उमगायला वर्षे लागतात.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. सेवाकाळात अशाच एका जाणकाराच्या पदाची नस्ती माझ्यासमोर आली होती. दोनदा जाहिरात देऊनही पात्र उमेदवार मिळाला नव्हता. पद रिक्त राहिले. रिक्त राहिले म्हणून अनावश्यक ठरले. अनावश्यक म्हणून रद्द झाले. त्या टिपणीखाली माझी सही आहे. नियमाने ती बिनचूक होती. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही, पात्रता कोठे घडते हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

दुसरे सरफोजी राजे यांनी उमेदवारांची वाट पाहिली नाही. त्यांनी नवविद्या कलानिधी शाळा काढली, छापखाना उभारला आणि १८०६ मध्ये तेथून इसापनीतीचा मराठी अनुवाद छापून निघाला. आधी शिक्षणाची सोय, मग कामाची अपेक्षा, हा त्यांचा क्रम होता. आपण तो उलटा केला आहे.

उपाय खर्चिक नाही. महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांनी मिळून दरवर्षी मोजकेच पदवीधर निवडावेत, त्यांना तीन वर्षे विद्यावेतन देऊन अनुभवी वाचकांच्या हाताखाली प्रत्यक्ष दफ्तरावर बसवावे, आणि शेवटी पदोन्नतीची वाट असलेले कायम पद द्यावे. पात्र उमेदवार मिळेपर्यंत असे पद रद्द होणार नाही, एवढा एक नियमही करावा.

कागद जपता येतो, त्याची छायाचित्रे घेता येतात. पण जुना वाचक निवृत्त होताना त्याच्या शेजारी शिकाऊ बसलेला नसेल, तर ती छायाचित्रेही मुकीच राहतील.