बझरच्या चकतीवरून अणूपर्यंत

प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान असलेली गोष्ट भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत नाही, आणि अणू तर त्या मर्यादेच्याही सुमारे हजार पट लहान असतो. म्हणून भिंगाचा नाद सोडून, पृष्ठभागाच्या अगदी निकट एक सुई फिरवायची आणि तिथले उंचसखलपण टिपायचे, ही पद्धत ज्या उपकरणांनी स्वीकारली ती स्कॅनिंग प्रोब सूक्ष्मदर्शक या नावाने ओळखली जातात. त्यांतील पहिले, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक किंवा एसटीएम, झ्युरिकजवळच्या रूश्लिकोन येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. १९८६ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक अर्न्स्ट रुस्का यांच्याबरोबर ते दोघे वाटेकरी होते. असे उपकरण हौशी मंडळी आज घरच्या टेबलावर उभे करतात. त्यात त्यांची चिकाटी आहेच, पण निम्मे काम निसर्गाच्या एका नियमाने आधीच करून ठेवलेले असते.

सुई आणि नमुना हे दोन्ही विद्युतवाहक असतील, त्यांच्यातील फट एका नॅनोमीटरहून कमी, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असेल आणि दोहोंमध्ये अल्पसा विद्युतदाब ठेवला असेल, तर एकमेकांना स्पर्श न होताही काही इलेक्ट्रॉन ती फट पार करतात. जुन्या भौतिकशास्त्राला अमान्य असलेल्या या घटनेला टनेलिंग म्हणतात. फट ०.१ नॅनोमीटरने वाढली की हा प्रवाह सुमारे दहापटीने घटतो. त्यामुळे टोक ओबडधोबड असले तरी त्यातील सर्वांत पुढचा अणूच जवळजवळ सगळा प्रवाह वाहून नेतो. प्लॅटिनम-इरिडियमची बारीक तार साध्या कटरने, ओढत आणि तिरकी कापली, तरी ती पुष्कळदा कामाची ठरते, याचे इंगित हेच आहे.

सुई हलवण्यासाठी दाबविद्युत पदार्थ लागतो. दाब दिला की अशा पदार्थात वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते; येथे त्याचा उलटा परिणाम, म्हणजे विद्युतदाब दिल्यावर पदार्थाचे किंचित आकसणे किंवा फुगणे, उपयोगी पडतो. घड्याळात वा खेळण्यात ‘टीं टीं’ करणाऱ्या बझरमधील पितळी चकती यासाठी पुरते. तिच्या सिरॅमिकवरील चंदेरी थर धारदार सुरीने खरवडून चार पाकळ्यांत विभागतात आणि मधोमध एक विद्युतरोधक दांडी चिकटवून तिच्या टोकाला सुई बसवतात. समोरासमोरच्या पाकळ्यांना विरुद्ध दाब दिले की दांडी कलते आणि सुई आडवी सरकते. चारही पाकळ्यांना सारखाच दाब दिला की सुई वरखाली होते. सोल्डरिंग मात्र झटपट उरकावे लागते, कारण सिरॅमिक फार तापले तर त्याचा हा गुणच नाहीसा होतो.

प्रवाह साधारण एक नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश असतो. शंभर मेगाओमचा रोध जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर त्याचे ०.१ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. प्रवाह वाढला की सुई वर घ्यायची आणि घटला की खाली आणायची, हे काम एक मायक्रोकंट्रोलर अखंड करत राहतो. सुई किती वर-खाली करावी लागली याची ओळीने ठेवलेली नोंद म्हणजेच पृष्ठभागाचे चित्र.

खरी कसोटी लागते ती कंपनांपाशी. जो नियम कापलेल्या तारेला तारतो, तोच जिन्यावरच्या पावलांची आणि रस्त्यावरच्या ट्रकचीही दहापट दखल घेतो. बिनिग आणि रोरर यांनी सुरुवातीला अतिवाहक शिशाच्या भांड्याने उपकरण चुंबकांवर तरंगते ठेवले होते. पुढे ते स्प्रिंगांकडे वळले. घरी स्प्रिंगांना टांगलेली जड धातूची पाटी, तिच्यावर रबराचे तुकडे आणि झोके शमवण्यासाठी तांब्याच्या पट्टीजवळ चुंबक, एवढ्यावर भागते. सूत्र असे की टांगण हळू झुलणारे असावे आणि सुईभोवतीचा सांगाडा लहान व ताठ असावा, म्हणजे बाहेरचा हादरा आला तरी सुई आणि नमुना एकत्रच हलतात.

विद्युतरोधक नमुने या यंत्राला पाहता येत नाहीत. त्यांच्यासाठी १९८६ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शक आला, पण त्याची लवचीक पट्टी आणि लेझर घरी जमवणे अधिक कटकटीचे असल्याने बहुतेकांची पहिली पसंती एसटीएमलाच असते. पहिला नमुना बहुधा ग्राफाइटचा असतो. चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा उपसला की खाली ताजा, सपाट थर मिळतो आणि तो उघड्या हवेतही स्वच्छ राहतो. त्याच्या चित्रात साधारणपणे एकाआड एक अणूच उठून दिसतो. म्हणून ठिपक्यांतील अंतर ०.१४२ ऐवजी ०.२४६ नॅनोमीटर भरते. पडद्यावर ठिपक्यांच्या रांगा उमटल्या म्हणून लगेच हुरळून जाण्यात अर्थ नसतो, कारण घरातील विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही तशाच सुबक रांगा काढते. एका ओळीला लागणारा वेळ तोच ठेवून क्षेत्राची रुंदी दुप्पट केल्यावर एका ओळीतले ठिपके दुप्पट झाले तर ते अणू. तेवढेच राहिले, तर यंत्राच्या तारांचे अर्थिंग पुन्हा तपासावे लागते.