पालखीआधी पाणी

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातली पहिली रात्र नातेपुत्यात काढते. एका रात्रीपुरती लाखोंची वस्ती. आरोग्य खात्याच्या नजरेने पाहिलं तर ही तारीख आधीच ठाऊक असलेली आपत्तीच. भूकंप अशी सवलत देत नाही.

तयारी सुरू होते ती पाण्यापासून. एके काळी यात्रा म्हटली की पाठोपाठ पटकी आलीच, असं समीकरण होतं. म्हणून पालखी यायच्या कितीतरी आधी मार्गावरच्या विहिरी, हातपंप आणि हॉटेलांतल्या पाण्याचे नमुने तपासायला जातात. दिंड्यांचे टँकर भरण्याच्या जागा ठरतात आणि तिथे पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर घेऊन माणूस बसतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं. त्यामुळे पावडर टाकली एवढ्याने भागत नाही. अर्धा-एक तास थांबून ओटी टेस्ट करायची. नळीतलं पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. पाण्याला औषधाचा वास येतो, ही तक्रार नेहमीचीच; मला तरी तो वास दिलासा वाटतो.

दुसरं काम कंटाळवाणं, पण मोलाचं : वहीतले आकडे. मार्गावरच्या प्रत्येक दवाखान्याने जुलाबाचे रुग्ण रोजच्या रोज कळवायचे. एकाच दिंडीतले चार-पाच जण तीच तक्रार घेऊन आले, तर गोळ्या देऊन थांबायचं नाही. त्यांचा टँकर आणि स्वयंपाक गाठायचा.

अपघात झाला, ट्रक दिंडीत घुसला, तर उपचारांचा क्रम बदलतो. जो जास्त ओरडतो तो आधी नव्हे. ज्याचा श्वास अडलाय, ज्याचं रक्त थांबत नाही, तो लाल गटात. थोडा वेळ थांबू शकेल तो पिवळ्या, चालता येणारा हिरव्या गटात. अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे कोणी आधी जायचं, हे या रंगांवरून ठरतं. ही वाटणी ऐनवेळी सुचत नाही, तिची रंगीत तालीम आधी करावी लागते. गर्दीतून १०८ ची गाडी कुठल्या बाजूने निघेल, हेही आदल्या दिवशीच चालून पाहावं लागतं.

पाऊस लांबला तर उन्हाचा त्रास वेगळाच. अंग तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्यावं, अंगावर पाणी मारून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

डॉक्टरांची खरी अडचण होते ती बेशुद्ध वारकऱ्याची काहीच माहिती नसते तेव्हा. तुमच्या घरचं कोणी वारीला निघत असेल, तर त्यांच्या खिशात एक चिठ्ठी घाला : दिंडी क्रमांक, रथापुढे की रथामागे, चालू असलेल्या गोळ्या आणि घरचा फोन.