विश्लेषण : बिघडलेल्या पेशीलाही मरू न देणारा विषाणू! कर्करोगात मायक्रोआरएनएची भूमिका काय?

जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) आयुष्यभर दडून असतो. बहुतेकांना तो त्रास देत नाही. काही जणांत मात्र नाकामागे, घशाच्या वरच्या भागात होणाऱ्या कर्करोगाशी त्याचा संबंध आढळतो. असे का घडते, याचा एक धागा मायक्रोआरएनएपर्यंत जातो.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

डीएनएतील सूचना संदेशवाहक आरएनए पोहोचवतो आणि त्यानुसार पेशीत प्रथिने तयार होतात. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ ‘अक्षरांचा’ तुकडा त्या संदेशाला चिकटतो आणि प्रथिनाची निर्मिती रोखतो. या शोधासाठी व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

विषाणू काय करतो?

ईबीव्ही स्वतःचे मायक्रोआरएनए बनवतो, हे २००४ मध्ये थॉमस टुशल यांच्या पथकाने दाखवले. कोणत्याही विषाणूत ते प्रथमच सापडले होते. आज ईबीव्हीचे असे ४० हून अधिक तुकडे ज्ञात आहेत. पेशीत बिघाड झाला, की ‘प्यूमा’ हे प्रथिन तिला आत्मनाशाकडे नेते. विषाणूचा ‘बार्ट-५’ हा तुकडा नेमके हेच प्रथिन कमी करतो. परिणामी, मरायला हवी ती पेशी जगते. शिवाय मायक्रोआरएनए हे प्रथिन नसल्याने रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेत सहज येत नाही.

मग सर्वांनाच धोका का नाही?

केवळ विषाणू पुरेसा नसतो. आनुवंशिकता आणि आहारही महत्त्वाचे ठरतात. चिनी पद्धतीच्या खारवलेल्या माशांशीही या कर्करोगाचा संबंध सिद्ध झाला आहे. दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि भारतात नागालँडमध्ये त्याचे प्रमाण तुलनेने अधिक आहे.

रुग्णांना फायदा काय?

हा कर्करोग आडजागी वाढतो, त्यामुळे निदानाला अनेकदा उशीर होतो. हाँगकाँगमध्ये सुमारे २० हजार पुरुषांच्या रक्तात ईबीव्हीचा डीएनए शोधण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तपासणीतून ३४ रुग्ण सापडले. त्यांतील सुमारे ७० टक्के सुरुवातीच्या टप्प्यात होते. विषाणूचे मायक्रोआरएनएही रक्तात उतरतात. त्यांवर आधारित चाचण्या अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. तोवर मानेत गाठ, एकाच कानाला दडा किंवा नाकातून वारंवार रक्त येणे, ही लक्षणे टिकून राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणे हाच मार्ग आहे.