बीपीची गोळी चालू आहे? मग अंगदुखीची गोळी घेण्याआधी हे वाचा

उन्हाळी कांद्याची काढणी सुरू झाली की मेडिकलवर अंगदुखीच्या गोळ्यांना मागणी वाढते. दिवसभर वाकून कंबर धरते. "एक दुखायची गोळी द्या" म्हणायचं, दुकानदार पट्टी कापून दोन-चार गोळ्या देतो, विषय संपला. पण रोज बीपीची गोळी घेणाऱ्या माणसासाठी तो तिथंच संपत नाही.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या दुखणं आणि सूज कमी करतात. त्यासाठी त्या शरीरातला प्रोस्टाग्लँडिन नावाचा घटक तयार होऊ देत नाहीत. अडचण अशी, की हाच घटक किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायला मदत करतो. तो कमी झाला की किडनी मीठ अन् पाणी बाहेर न टाकता अंगात धरून ठेवते. बीपी वर सरकतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, तसंच लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या, या सगळ्यांचा जोर कमी पडतो. ॲम्लोडिपिनला त्यामानाने कमी फरक पडतो. विहिरीतून उपसा चालू आणि पाट फुटून पाणी परत विहिरीतच, असला हा प्रकार.

एखाद्या गोळीने प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. पण आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतली तर धोका वाढतो. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर त्यात बहुतेक वेळा लघवीची गोळीही असते. त्यात दुखायची गोळी, वर कडक ऊन, घाम अन् पाणी कमी, असं जुळून आलं की किडनी अचानक निकामी होऊ शकते. म्हातारी माणसं, शुगरवाले आणि आधीच किडनीचा त्रास असलेले यांनी तर जास्तच जपावं. लघवी कमी झाली, पायावर सूज आली, दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

"आम्ही तर पॅरासिटामॉलच घेतो," असं बरेच जण सांगतात. पट्टीची मागची बाजू बघा. बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक असतं, बारीक अक्षरात. बीपीवाल्यांना नुसतं पॅरासिटामॉल त्यामानाने बरं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. रोज लागत असेल तर बीपी तपासत राहावं.

हे वाचून बीपीची गोळी मात्र कुणी बंद करू नये. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची लहान गोळीही मनाने सोडायची नाही. मेडिकलवर जाताना बीपीच्या गोळीची पट्टी खिशात ठेवा आणि दुखायची गोळी मागण्याआधी ती दाखवा.