कुंपण गेले, शिक्का राहिला

सोलापुरात आजही एका वस्तीला ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबे इथे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. हजेरी चुकली की शिक्षा!

देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे सोळा दिवसांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरी गावात चोरी झाली की संशय आधी पालांवर जातो. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने हे जगणे मराठी वाचकांपुढे मांडले.

महाराष्ट्रात विमुक्त जातींना ३ टक्के आरक्षण आहे, आश्रमशाळाही आहेत. पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांकडे जुनी कागदपत्रे कुठली? त्यांच्यावाचून जातीचा दाखला अडतो आणि दाखल्यावाचून सवलत.