घनकचऱ्याचे वर्गीकरण : नियम आणि व्यवहार

घरामागचा उकिरडा मराठी मुलखाला नवा नाही. शेण, गोठ्यातील केर, चुलीची राख, भाजीची देठे व पालापाचोळा यांचा तो ढीग वर्षभर कुजत असे आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे खत शेतात जात असे. न कुजणारी वस्तू त्यात क्वचितच पडे. त्यामुळे कचरा वेगळा करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आज त्याच उकिरड्यात दुधाच्या पिशव्या, शॅम्पूच्या पुड्या आणि औषधांची रिकामी वेष्टने येऊन पडतात व ते खत शेतात टाकावयास शेतकरी धजत नाही. घनकचऱ्यासंबंधीच्या नियमांचे मर्म या साध्या फरकात आहे.

केंद्र शासनाने २००० साली केलेले नियम नगरपालिका क्षेत्रापुरते मर्यादित होते. एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नियमांनी ही कक्षा ओलांडली. जनगणना शहरांतील ग्रामपंचायती, औद्योगिक वसाहती, रेल्वे, बंदरे व तीर्थक्षेत्रे यांनाही ते लागू झाले आणि ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करण्याचे दायित्व कचरा निर्माण करणाऱ्यावरच सोपविण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये यांचीही जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिनांक ठरविण्यात आला. आता भाग चार आहेत. स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे, साली, फुले हा ओला कचरा. कागद, प्लॅस्टिक, काच, धातू हा सुका. वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड हा तिसरा. आणि रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे तापमापक, औषधे हा विशेष काळजीने हाताळावयाचा चौथा.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास विचारला जातो, आणि तो रास्तही आहे. ओला कचरा हवा खेळती ठेवून कुजविला तर काही आठवड्यांत त्याचे खत होते. तोच इतर कचऱ्याखाली दडपला गेला की हवेअभावी त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो आणि काळपट दूषित पाणी झिरपून विहिरींपर्यंत पोहोचते. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला होता. उलट, खरकट्याने भिजलेला कागद कोणी विकत घेत नाही. म्हणजे मिसळल्याने दोन्हीही वाया जातात.

याहून महत्त्वाचा मुद्दा माणसांचा आहे. मिश्र कचरा अखेरीस कोणीतरी हातानेच निवडतो. त्यात फुटकी काच असते, सुई असते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना उभी राहिली व पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद घरोघर जाऊन कचरा गोळा करतात. वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे २०१६ च्या नियमांनीही सांगितले होते.

व्यवहारात अडते ते बहुधा घंटागाडीपाशी. गृहिणीने दोन बादल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि गाडीवाल्याने त्या एकाच हौद्यात रिकाम्या कराव्यात, हे दृश्य एकदा दिसले की पुढील महिन्यात ती एकच बादली ठेवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून गाडीत स्वतंत्र कप्पे नसताना दंडाची पावती फाडणे हा उलटा क्रम होय. प्रथम गाडी, मग खतखड्डा, सुका कचरा साठविण्याची शेड, तो घेणाऱ्या भंगार व्यापाऱ्याशी ठराव, आणि त्यानंतर दवंडी. शाळेच्या आवारातील एक खड्डा मुलांना जे दाखवितो, ते भित्तिपत्रके दाखवू शकत नाहीत. मात्र त्यावर आच्छादन हवे आणि ओलावा पिळलेल्या फडक्याइतकाच असावा, अन्यथा दुर्गंधीची तक्रार दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते.

मंगल कार्यालयांकडे पंचायतींनी स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. दिवसाला १०० किलोग्रॅम वा अधिक कचरा निर्माण करणारी आस्थापना मोठी कचरा उत्पादक ठरते, आणि लग्नसराईत एका पंगतीचे उष्टे हा आकडा सहज गाठते. अशा आस्थापनेने आपल्या ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच जागेत प्रक्रिया करावी, अशी अपेक्षा आहे.